एका फटफटीची कुळकथा

आपल्याकडे माणसाचे कूळ विचारतात, पूर्वी घोड्याचेही विचारीत. फटफटीचे मात्र कोणी विचारीत नाही. किती पळते आणि किती पिते, एवढे कळले की सोयरीक पक्की! माझ्या अंगणात १९६६ सालची जावा उभी आहे. ती घेतल्यापासून तिचे कूळ धुंडाळण्याचा नाद मला लागला. शाळेत इतिहास शिकवणाऱ्याला असले नाद लागायचेच.

‘जावा’ म्हटले की पुष्कळांना जावा-सुमात्रा बेटे आठवतात. त्यांचा येथे काडीचा संबंध नाही. प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाचे इंजिनिअर शस्त्रांचा कारखाना चालवीत. पहिले महायुद्ध संपून शस्त्रांना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा ते मोटारसायकलीकडे वळले. १९२९ मध्ये त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून पाचशे सी.सी.च्या गाडीचा आराखडा विकत घेतला. यानेचेकमधला ‘या’ आणि वांडररमधला ‘वा’ मिळून नाव झाले ‘यावा’. रोमन अक्षरांत लिहिलेले ते नाव आपण इंग्रजी वळणाने वाचले आणि जावा केले. ती पहिली गाडी अवजड नि महाग निघाली. मग १९३२ मध्ये इंग्लंडच्या व्हिलियर्स इंजिनावर लहान गाडी काढली, तेव्हा कोठे सामान्य माणूस दुकानाची पायरी चढला. थोडक्यात, बाप झेक, आई जर्मन आणि दूध इंग्रजी!

खरी कथा पुढेच आहे. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. कारखाना जर्मन सैन्याच्या कामाला जुंपला गेला आणि नवी गाडी तयार करण्यास बंदी झाली. १९४१ मध्ये यानेचेकही वारले. पण कारखान्यातल्या माणसांनी त्या काळोखात चोरून अडीचशे सी.सी.ची एक नवी गाडी घडवली. गाडी कागदावर सिद्ध होत नाही, ती रस्त्यावर पळवून पाहावी लागते. आणि रस्त्यावर तर जर्मन पहारा! तेव्हा त्यांनी तिच्यावर डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीची चिन्हे लावली आणि तिला शत्रूच्या डोळ्यांदेखत फिरवली. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नकोच. १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात ती स्वतःच्या नावाने उभी राहिली आणि सुवर्णपदक घेऊन परतली. मागच्या चाकाला स्प्रिंगा असल्याने लोक तिला ‘पेराक’, म्हणजे स्प्रिंगवाली, म्हणू लागले. माझ्या गाडीची ही सख्खी आजी.

युद्धानंतर कारखाना सरकारी मालकीचा झाला. मुंबईच्या रुस्तम व फारुख इराणी यांनी ही गाडी हिंदुस्थानात आणली. पुढे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ काढली आणि १९६१ पासून गाड्या तेथेच बनू लागल्या. १९७० नंतरच्या दशकात नाव बदलून ‘येझदी’ झाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले. पण ती गाडी फोर-स्ट्रोक, तिचा स्वभावच निराळा.

या जुन्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल घालून पाजावे लागते, वीस-पंचवीस भागांना एक भाग. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर सायलेन्सर काजळीने भरतो आणि गाडी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकते. मग आतली नळी बाहेर काढून काजळी खरवडायची. गिअरचा दांडा आत दाबून मागे वळवला की तीच किक होते. त्या दांड्यावर पाय पडताच क्लच आपोआप सुटतो, पण ही जोडणी नीट बसवणारा हात आता शोधावा लागतो.

तो हात मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळाला. लेथवर बसलेले मिस्त्री तुटलेला बुश कॅलिपरने मोजतात, डोळ्यांशी धरतात आणि म्हणतात, “मास्तर, संध्याकाळी या.” संध्याकाळी नवा बुश तयार!

यावरून एका शौकीन गृहस्थांशी माझा वाद झाला. ते जुन्या गाड्यांचे संग्राहक. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या आणि नाक मुरडून म्हणाले, “गुरुजी, हा बुश मूळचा नाही. किंमत गेली गाडीची.” त्यांच्या मते सुटे भाग झेक हवेत, निदान म्हैसूरच्या पेटीतले तरी हवेत, न मिळाल्यास गाडी झाकून ठेवावी. मी त्यांना विचारले, हिच्यात मूळचे म्हणजे नेमके काय? आराखडा जर्मनांचा, भाग्य उघडले ते इंग्रजी इंजिनाने, आजी रस्त्यावर आली ती शत्रूचे नाव लावून, आणि ही स्वतः जन्मली म्हैसुरात. कोल्हापूरच्या बुशानेच तेवढी बाटली काय? गृहस्थांनी उत्तर दिले नाही. चहा मात्र घेतला.

गेल्या उन्हाळ्यात सिलिंडर पुन्हा बोअर केला. पासष्ट मिलिमीटरचा मूळ व्यास आता थोडा वाढला आहे आणि पिस्टन त्याच मापाने मोठा घातला आहे. आणखी दोन वेळा कापता येईल, असे मिस्त्री म्हणतात. त्यानंतर आत स्लीव्ह बसवावी लागेल, आणि तिचे बीड कोल्हापुरातच ओतले जाईल.