मधला कर्णा

डोंबिवली पूर्वेतील आमच्या घराचा दिवाणखाना चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. एवढ्या जागेत पाच स्पीकर, एक सबवूफर आणि त्या सर्वांचे नियमन करणारा होम थिएटर रिसीव्हर बसवण्याचा उद्योग आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटीत केला. मराठीच्या प्राध्यापकाने तारा सोलत बसावे याचे घरात फारसे कौतुक झाले नाही. पण दोन दिवसांनी यंत्र चालू झाले. पडद्यावरचा पाऊस पाठीमागे पडू लागला, आगगाडी डावीकडून उजवीकडे गेली. आई खिडकीजवळच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून अर्धा तास ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, सगळे ऐकू येते, पण कोण काय बोलले तेच कळत नाही."

हे वाक्य आम्हाला लागले. त्याचे उत्तर माहितीपुस्तिकेत होते खरे. पण ते तिथे का होते, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागले.

आरंभ 'रिसीव्हर' या शब्दापासूनच करावा लागतो. ध्वनिवर्धकात रेडिओचा ग्राहक अंतर्भूत असला की त्याला रिसीव्हर म्हणायचे, असा या धंद्यातला संकेत आहे. म्हणजे दूरचित्रवाणीखाली ठेवलेले हे यंत्र कुळाने रेडिओच. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागे. त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. ठाण्याचा तर या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे: ठाणेकर रेडिओ ऐकत होते आणि मर्फी रेडिओचा कारखानाही ठाण्यातच होता.

आईचे बालपण ठाण्यातल्या एका चाळीत गेले. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या काळात गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. मजल्यावर रेडिओ एकच. ज्यांचा तो होता ते बिऱ्हाडकरू कार्यक्रमाच्या वेळी त्याला आतल्या फळीवरून उचलून दाराच्या उंबऱ्याशी, स्टुलावर, गॅलरीकडे तोंड करून ठेवत. मग दोन्ही अंगांना माणसे बसत. कोणी अगदी जिन्यापाशी, कोणी भिंतीला टेकून. आवाज एकाच कर्ण्यातून येई (आई अजूनही स्पीकरला कर्णाच म्हणते) आणि त्यात खोलीही नव्हती, रुंदीही नव्हती. पण शब्द प्रत्येकाला कळत.

त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत मात्र एका कर्ण्याचे दोन करण्याची तयारी पूर्ण होत आली होती. तिचे मूळ १९३१ सालात आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश अभियंत्याने त्या वर्षी दुहेरी ध्वनिमुद्रणाच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. दोन कर्ण्यांतून सारखाच आवाज आला, तर मधोमध बसलेल्या माणसाला तो समोरच्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा भासतो. गायक प्रत्यक्षात तेथे नसतो. ऐकणाऱ्याच्या दोन कानांनी मिळून तो तेथे उभा केलेला असतो. हा भास विलक्षण आहे, परंतु एककल्ली आहे. ऐकणारा दोन हात बाजूला सरकला की गायकही जवळच्या कर्ण्यात जाऊन बसतो.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या दिशेने विचार करत होते. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवण्यात आला. विख्यात संगीतसंचालक स्टोकोव्स्की त्या दिवशी वादकांसमोर नव्हते. ते वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या नियंत्रणापाशी बसले होते. या प्रयोगात कर्णे दोन नव्हते, तीन होते: डावा, उजवा आणि मधला. कारण उघड आहे. घरात मधोमध एक माणूस बसू शकतो. सभागृहात हजार माणसे बसतात आणि त्यांतली बहुतेक मध्यभागी नसतात. मधल्या आवाजाचा भास त्यांना होणार नाही, म्हणून मध्ये खराखुरा कर्णाच ठेवावा लागतो. पुढे चित्रपटगृहांनी हेच सूत्र उचलले. संवाद पडद्यामागच्या मधल्या कर्ण्यातून येऊ लागले, जेणेकरून कोपऱ्यातल्या खुर्चीचे तिकीट काढणाऱ्यालाही नट पडद्यावरूनच बोलताना ऐकू यावा. मुंबईच्या मिनर्व्हात १९७५ मध्ये 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर बहुमार्गी ध्वनीसह आला. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने खास त्यासाठी गेलेली माणसे पुढे कित्येक वर्षे त्यातल्या एका नाण्याच्या आवाजाविषयी बोलत.

मग घरी मधला कर्णा का आला नाही? याचे उत्तर तबकडीत आहे. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेला भिंती दोनच असतात. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या एकेका भिंतीवर एकेक मार्ग कोरून. तिसऱ्याला जागाच नव्हती. कॅसेटनेही तोच दोनाचा पाढा पुढे चालवला. घरगुती श्रवणातून मधला मार्ग असा अनेक वर्षे गळला. १९८२ मध्ये चित्रपटांचा सभोवार ध्वनी घरी ऐकण्याची सोय झाली आणि १९८७ च्या 'प्रो लॉजिक' पद्धतीने दोन मार्गांत मिसळलेला मधला आवाज वेगळा काढून घरच्या मधल्या कर्ण्याला दिला. १९९६ पासून आलेल्या डीव्हीडीने पाच स्वतंत्र मार्ग आणि खर्जासाठी सहावा दिला.

या पद्धतींमागे ज्यांचे नाव आहे त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती ध्वनिफितीची खरखर कमी करण्यासाठी. आपल्याकडे मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतीलाच 'डॉल्बी' म्हणतात. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव मराठीत गोंगाटाला चिकटले! २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ती मिरवणुकीला आहे, तशी सामाईक भिंतीच्या अलीकडे सबवूफर ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

आता आमच्या चुकांकडे वळू. पहिली चूक जागेची. डावा-उजवा कर्णा मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे शंभर ते एकशेवीस अंशांवर, हे आम्ही कोनमापक घेऊन पाळले. आणि मधला कर्णा मात्र शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आत सरकवून ठेवला. तो आमच्या गुडघ्यांशी बोलत होता. दुसरी चूक अधिक बोलकी आहे. रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. यंत्र प्रत्येक कर्ण्यातून ठरावीक आवाज काढते, तो किती वेळाने आणि किती जोराने पोहोचला हे मोजते आणि सर्व कर्ण्यांचा मेळ त्या जागेपुरता जमवते. आवाजाला एक फूट कापण्यास सेकंदाचा हजारावा भाग, किंचित कमीच, लागतो. तेवढाही फरक ते भरून काढते. आम्ही मायक्रोफोन सोफ्याच्या मधोमध, म्हणजे स्वतःच्या जागी ठेवला होता. खिडकीजवळची खुर्ची त्या हिशेबात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सर्व मापे नव्याने घेतली. मधला कर्णा कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढून खाली रबराची पाचर दिली, म्हणजे त्याचे तोंड कानांकडे वर झाले. तारांचे लाल टोक लाल खुंटीला, काळे काळ्याला असल्याची खातरजमा केली. एक जरी तार उलटी लागली तरी आवाजाचा मेळ बिघडतो. सर्व कर्णे 'लहान' असे नोंदवून ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरकडे दिला. मायक्रोफोन सोफ्यावर ठेवला, मग आईच्या खुर्चीवर आणि मग दोन्हींच्या मध्ये. यंत्राचा हिशेब पुरा झाल्यावर मधल्या मार्गाची पातळी हाताने तीन डेसिबलनी चढवली आणि मागच्यांची दोननी उतरवली. शेवटी मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणणारी रात्रीची सोय चालू केली. हौशी मंडळी तिला नाके मुरडतात. चित्रपटाचा कस त्यात उतरतो हे खरेही आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या कानांना आणि शेजाऱ्यांना तिचा उपयोग होतो.

ध्वनियंत्रांचा इतिहास बहुधा अधिकाधिक मार्गांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: एकाचे दोन, दोनाचे सहा, आणि आता छतातूनही. आम्हाला त्यात दुसरी एक गोष्ट दिसू लागली आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक जागा सर्वोत्तम ठरवली आणि कोणीतरी त्या जागेवर नसलेल्यांची सोय पाहिली. चाळीतल्या त्या गृहस्थांनी रेडिओ उंबऱ्याशी आणला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आरामखुर्चीपासून तो दूर गेला असणार. फ्लेचर यांचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही. पण मधला कर्णा कशासाठी असतो हे त्यांना ठाऊक होते.

त्या संध्याकाळी आई चित्रपट संपेपर्यंत बसली आणि मध्येच एकदा संवाद ऐकून हसली. आमच्या सोफ्यावरून पाऊस आता पूर्वीइतका पाठीमागे पडत नाही. तेवढे चालायचेच.