सपाट कुस्ती, घडीव कुस्ती

१९९०च्या दशकात पेणमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला दोन गोष्टींची सवय होती. एक, भाद्रपदाच्या कितीतरी महिने आधीपासून कारखान्यांत वाळत ठेवलेल्या गणेशमूर्ती; आणि दुसरी, शाळा सुटल्यावर व्हिडिओ गेमच्या दुकानात रुपया टाकून खेळायच्या मारामाऱ्या. पहिलीचं कौतुक गावभर, दुसरीचं घरी नाव काढायची सोय नव्हती. पण त्या मारामाऱ्यांनाही इतिहास आहे, आणि पेणकराला तो चटकन उमगावा असा आहे.

‘स्ट्रीट फायटर २’ हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा खेळ १९९१ सालचा. त्यातले मल्ल सपाट, म्हणजे द्विमितीय. हात मागे, हात पुढे, पाय हवेत, असा एकेक पवित्रा चित्रकाराने काढायचा आणि यंत्राने ती चित्रं भराभर दाखवायची. मल्लाने तोंड फिरवलं की नवं चित्र नाही. तेच आरशातल्यासारखं उलटं करायचं. त्यात सागाट नावाचा एक एकाक्ष मल्ल होता. त्याने दिशा बदलली की डोळ्यावरची पट्टीही या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायची! आम्हा पोरांच्या हे लगेच लक्षात यायचं. डाव्या सोंडेचा गणपती सांगितला आणि उजव्या सोंडेचा हातात पडला, तर पेणमध्ये केवढा गोंधळ होईल, विचार करा.

या सपाट लढतीत दोघेही एकाच रेषेवर. पुढे या, मागे जा, नाहीतर उडी मारा. तीन बटणं ठोशांची, तीन लाथांची, हलक्यापासून जोरकसपर्यंत. सारी मदार अंतरावर. ‘हाडोकेन’ हा ऊर्जेचा गोळा समोरून आला की तो अडवायचा, नाहीतर वरून उडी घ्यायची. बाजूला सरकणं नाहीच, कारण ‘बाजू’च नाही.

ती बाजू आली १९९३ साली सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’पासून आणि १९९४च्या नामकोच्या ‘टेकन’पासून. आता चित्र नाही, तर छोट्या सपाट पैलूंचं जोडलेलं अख्खं शरीरच संगणकात ठेवलेलं, साच्यातून काढलेल्या मूर्तीसारखं. कुठूनही पाहा. पहिले मल्ल मात्र रंधा न मारलेल्या लाकडासारखे टोकदार होते.

‘टेकन’ची चार बटणं म्हणजे दोन हात, दोन पाय. १९९७च्या ‘टेकन ३’मध्ये सगळ्याच मल्लांना बाजूला सरकता येऊ लागलं. मी तो खेळलो रोह्याला. सुटीत नागोठण्यावरून एसटीने मामाकडे जायचो, तिथे एका दुकानात टीव्हीला प्लेस्टेशन जोडून तासावर भाडं घेत. पेणच्या सवयीने आम्ही उड्या मारायचो. रोह्याची पोरं नुसती पाऊलभर बाजूला व्हायची आणि कुशीत लाथ घालायची. सरळ रेषेत फेकलेला गोळा अशा मैदानात फारसा उपयोगाचा नाही, म्हणून ‘टेकन’मध्ये तसले गोळे जवळजवळ नाहीत.

सपाट खेळ जुने झाले, संपले, असं तेव्हा सर्रास म्हणत. मला ते पटत नाही. त्याच १९९७ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ३’चं हातचं रेखाटन आजही पाहत राहावंसं वाटतं. अडचण खेळात नव्हती, हिशेबात होती. सपाट मल्लाची शेकडो चित्रं लागतात. कपडे बदलायचे तर सगळी पुन्हा काढा. घडीव शरीर एकदा तयार झालं की पोशाख बदला, डाव वाढवा. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांना हे गणित वेगळं सांगायला नको. साच्याशिवाय तालुक्यातून दरवर्षी लाखो मूर्ती निघाल्याच नसत्या.

पण साच्यातून निघालेली मूर्ती पेणमध्ये पुरी झाली असं कुणी मानत नाही. डोळ्यांची आखणी हातानेच होते. २०१४च्या ‘गिल्टी गियर एक्सआरडी’ या खेळात आर्क सिस्टीम वर्क्सच्या कलाकारांनी असंच काहीसं केलं. शरीरं घडीव, पण एकेक पवित्रा हाताने बसवलेला. दोन पवित्र्यांमधली संगणकाची गुळगुळीत भर मुद्दाम काढून टाकलेली, चेहऱ्यावरची छायाही हाताने ठरवलेली. पाहणाऱ्याला वाटतं, चित्रच हलतंय.

कॅपकॉमनेही २००८च्या ‘स्ट्रीट फायटर ४’पासून मल्ल घडीव केले. रेषा मात्र सोडली नाही. २०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्येही लढत त्याच एका रेषेवर होते, आणि हाडोकेन आला तर बाजूला सरकायला आजही जागा नाही.