‘डॉक्टर हू’च्या शीर्षकधुनेची कुळकथा

दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभी वाजणाऱ्या शब्दविरहित संगीताला शीर्षकधून म्हणतात आणि तिचे काम मुळात दवंडीचे असते: आतल्या खोलीतल्या माणसाला पडद्यासमोर आणून बसवणे. बहुतेक धुना हे काम मालिका संपेपर्यंत करतात आणि तिच्याबरोबरच विस्मरणात जातात. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पित मालिकेची धून मात्र टिकली आणि तिच्या जन्मकथेत संगीताचा कर्ता कोणाला म्हणावे हा प्रश्नही गुंतून राहिला.

मालिकेच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांना ऐकताना परके वाटेल, तरी कानात बसेल असे संगीत हवे होते. लॅम्बर्ट यांची पहिली पसंती काचेच्या दांड्यांतून नाद काढणाऱ्या एका फ्रेंच वाद्यवृंदाला होती, ते जमले नाही आणि काम बीबीसीच्याच रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागाकडे आले. १९५८ साली स्थापन झालेला आणि लंडनच्या मेडा व्हेल येथील स्टुडिओत चालणारा हा विभाग नभोनाट्यांना व शैक्षणिक कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज तयार करून देई. त्याचे नावच कार्यशाळा. तिथून बाहेर पडणाऱ्या वस्तूवर कारागिराचे नाव घालण्याची रीत नव्हती.

चाल बांधण्याचे काम रॉन ग्रेनर यांच्याकडे गेले. ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रेनर तोवर ‘मेग्रे’ आणि ‘स्टेप्टो अँड सन’ या मालिकांच्या धुनांमुळे नावारूपाला आले होते. त्यांनी दिलेले स्वरलेखन एका पानात मावणारे होते: सतत धावणारी खर्जाची ओळ, तिच्यावर तरंगणारी संथ चाल आणि काही ठिकाणी स्वरांऐवजी ‘वाऱ्याचा बुडबुडा’, ‘ढग’ अशा अर्थाच्या नुसत्या सूचना. ढग कोणत्या वाद्यावर वाजवायचा हे कागद सांगत नव्हता.

तो कागद डेलिया डर्बीशायर यांच्या हाती पडला. १९३७ साली कॉव्हेंट्री येथे जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये गणित व संगीत शिकलेल्या डर्बीशायर १९६२ पासून वर्कशॉपमध्ये होत्या; अमूर्त नादांविषयीच्या आपल्या ओढीचे मूळ लहानपणी ऐकलेल्या हवाई हल्ल्यांच्या भोंग्यांत आहे, असे त्या पुढे सांगत. डिक मिल्स त्यांचे साहाय्यक होते. विजेच्या मंडलातून स्वर निर्माण करणारे सिंथेसायझर हे वाद्य त्यांच्यापाशी नव्हते आणि अनेक ध्वनी वेगवेगळ्या मार्गिकांवर नोंदवून एकत्र ऐकवणारे यंत्रही नव्हते. होते ते टेपरेकॉर्डर, ब्लेड, चिकटपट्टी आणि उपकरणे तपासताना अभियंते वापरतात ते ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक कंप्रतेचा सलग स्वर देणारे यंत्र. मुद्रित आवाजालाच कच्चा माल मानून संगीत घडवण्याची जी वाट पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली पाडली होती, तिच्यावरूनच हे काम पुढे जाणार होते.

खर्जाच्या ओळीसाठी एक तार छेडून तिचा टणत्कार मुद्रित करण्यात आला. फीत दुप्पट वेगाने फिरवली की स्वर एक सप्तक चढतो, निम्म्या वेगाने फिरवली की एक सप्तक उतरतो आणि वेगात सुमारे ६ टक्के फरक केला की शुद्ध-कोमलाएवढे अंतर पडते. त्यामुळे एकाच टणत्कारातून ओळीला लागणारे सगळे स्वर मिळू शकले. मग प्रत्येक स्वराचा तुकडा मोजून कापायचा. सेकंदाला १५ इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर पाव सेकंदाचा स्वर पावणेचार इंच भरतो. लय हाताच्या टाळीने नव्हे, तर फूटपट्टीने मोजायची, असा हा प्रकार होता. काप सरळ न घेता तिरका घेतात, म्हणजे सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. वरची चाल ऑसिलेटरची होती: त्याची तबकडी हाताने फिरवत एका स्वरावरून दुसऱ्यावर, मधला नाद न तोडता, घसरत जायचे. हिंदुस्थानी संगीतात जिला मींड म्हणतात तिची ही दूरची बहीण, आणि धुनेतला अंगावर काटा आणणारा चढ तिच्यातूनच आला. मधूनमधून येणारे फुत्कार हे श्वेतरवाचे, म्हणजे रेडिओवर केंद्र लागत नसताना जी खरखर ऐकू येते तशा सर्व कंप्रतांच्या मिश्रणाचे, गाळून घेतलेले रूप होते.

या सगळ्या फिती एकत्र वाजवण्यासाठी यंत्रे एकाच क्षणी, हातानेच, सुरू करावी लागत. एकदा कुठेतरी एक स्वर चुकत होता आणि तो सापडेना. तेव्हा फिती स्टुडिओच्या लांबलचक मार्गिकेत जमिनीवर शेजारी-शेजारी उलगडून, त्यांच्या कडेने चालत, सांध्याशी सांधा ताडून पाहिला गेला आणि चूक हाती लागली.

तयार धून ऐकल्यावर हे खरोखर आपणच लिहिले काय, असा प्रश्न ग्रेनर यांना पडला, आणि बरेचसे तुम्हीच, असे उत्तर डर्बीशायर यांनी दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. डर्बीशायर यांचे नाव सहरचनाकार म्हणून लागावे असा प्रयत्न ग्रेनर यांनी केला. परंतु वर्कशॉपमधील कर्मचाऱ्यांना अनाम ठेवण्याचा बीबीसीचा शिरस्ता आड आला. श्रेयनामावलीत ग्रेनर यांच्यासोबत झळकले ते वर्कशॉपचे नाव. बंदिश एकाची आणि ती उभी करणारा गळा दुसऱ्याचा, हा भेद हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला नवा नाही, आणि मैफल गळ्याच्याच नावाने ओळखली जाते हेही त्याला ठाऊक आहे. पेटीवर वाजवली तरी ही चाल ओळखू येते, ते ग्रेनर यांचेच यश. पण पेटीवर ती निरुपद्रवी होते, तिच्यातले भय निघून जाते. ते भय पानावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि म्हणून या धुनेला दोन कर्ते होते असेच म्हटले पाहिजे.

१९८० साली पीटर हॉवेल यांनी हीच धून सिंथेसायझरवर नव्याने घडवली आणि २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा मरे गोल्ड यांनी तिला वाद्यवृंदाची जोड दिली. ग्रेनर १९८१ साली निवर्तले आणि डर्बीशायर २००१ साली निवर्तल्या; त्यानंतर मालिकेच्या पन्नाशीनिमित्त २०१३ मध्ये प्रसारित झालेल्या विशेष भागात धुनेच्या श्रेयात डर्बीशायर यांचे नाव पहिल्यांदा पडद्यावर आले.