नऊ विद्यापीठे आणि एक कानपूर

परदेशी विद्यापीठाशी सहकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे करारपत्रावरच्या सह्या आणि हारतुऱ्यांचे छायाचित्र उभे राहते. पुढे त्या कराराचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून ज्या एका सहकार्याचे पुढे पुष्कळ काही झाले, त्याची हकीकत येथे द्यावीशी वाटते.

१९६० च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेचे वर्ग सुरू झाले, ते हारकोर्ट बटलर संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत. विद्यार्थी अवघे शंभर. संचालक होते डॉ. पु. का. केळकर. धारवाडचा जन्म, मुंबई व बंगलोर येथे शिक्षण, लिव्हरपूलची डॉक्टरेट. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवून, पवईच्या संस्थेची आखणी करून ते कानपूरला गेले होते. त्या काळी प्रत्येक नव्या संस्थेला एकेका देशाचा हात होता : पवईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाचा, मद्रासला पश्चिम जर्मनीचा, पुढे दिल्लीला ब्रिटनचा. कानपूरच्या वाट्याला अमेरिका आली.

पण अमेरिकेने कोणा एका विद्यापीठावर हा भार टाकला नाही. एम.आय.टी., बर्कले, कॅल्टेक, कार्नेगी, केस, मिशिगन, ओहायो स्टेट, प्रिन्स्टन आणि पर्ड्यू अशा नऊ संस्थांचा संघ त्यासाठी उभा राहिला. खर्च अमेरिकन सरकारचा. १९६२ साली एम.आय.टी.चे नॉर्मन डाल पहिल्या गटाचे प्रमुख म्हणून कानपुरास आले. नऊ घरची माणसे एका चुलीवर आली म्हणजे भांड्याला भांडे लागणारच. परंतु त्यातला लाभ असा की, कानपूरला कोणा एका विद्यापीठाची नक्कल होऊन बसावे लागले नाही.

माझ्या मते खरी मेख येथे आहे. पाहुण्यांचा प्रमुख निराळा आणि संस्थेची सूत्रे मात्र केळकरांच्या हाती. यंत्रसामग्री आणि सल्ला बाहेरचा. शिक्षक निवडायचे ते संस्थेने. अमेरिकेत शिकत किंवा शिकवीत असलेल्या भारतीय तरुणांना गाठून केळकरांनी परत आणले. पाहुणे आज ना उद्या जाणार, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवले होते.

अभ्यासक्रमही बदलला. सत्रपद्धती आली, गुणांऐवजी श्रेणी आल्या, अभियंत्याला विज्ञानाबरोबर मानव्यविद्या शिकणे भाग पडले. जो शिकवील त्यानेच प्रश्नपत्रिका काढावी व त्यानेच तपासावी, ही रीत तर बाहेरच्या परीक्षकावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या विद्यापीठांना धाडसाचीच वाटावी! शिक्षकावर एवढा विश्वास टाकायचा तर शिक्षकही तसा निवडावा लागतो.

ऑगस्ट १९६३ मध्ये आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. तो बसविण्यासाठी बर्कलेचे हॅरी हस्की आले, प्रिन्स्टनहूनही प्राध्यापक आले. हे यंत्र काचेआड शोभेला न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती दिले गेले. मुले स्वतः पत्रांना छिद्रे पाडून गणिते घालू लागली. देशभरच्या अध्यापकांसाठी व संशोधकांसाठी छोटे अभ्यासवर्ग निघाले. त्यांत शिकविणारे राजारामन, महाबल हे आपलेच होते. संगणकाचे शिक्षण भारतात रुजले, त्यात या वर्गांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकन वळणाने घडलेले अनेक हुशार पदवीधर अमेरिकेलाच गेले. करदात्याने लावलेल्या झाडाची फळे परसदारी न पडता दूर पडली, ही तक्रार तेव्हापासून चालत आली आहे आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. आपल्या कारखान्यांची गरज एक आणि प्रयोगशाळेतले ज्ञान दुसरे, असेही काहींना वाटे.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात दोन्ही सरकारांचे संबंध विकोपाला गेले आणि १९७२ मध्ये हा दहा वर्षांचा कार्यक्रम संपला. पाहुणे गेले, तरी वर्ग चालू राहिले. शिक्षक जागेवर होते.

केळकर तोवर कानपुरात नव्हते. १९७० साली ते पवईला संचालक म्हणून परतले होते, रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या, त्यांनीच एकेकाळी आखलेल्या संस्थेत.