वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी

१९०८ साली कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधील विद्यार्थी भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान त्यांनी नाकारले. बोर्डिंगमधून त्यांना काढण्यात आले.

याच माजी विद्यार्थ्याने १९२४ मध्ये साताऱ्यात स्वतःचे वसतिगृह उघडले. कोल्हापुरातील बहुतेक वसतिगृहे जातवार होती. येथे मात्र सर्व जातींची पंगत एकच. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

पण खर्चाचे काय? भाऊराव गावोगावी हिंडून मदत मागत. मुले स्वयंपाकासह सारी कामे स्वतः करीत. तेही पुरेना, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. सर्वांत शेवटी, सौभाग्याचे लेणे मानले जाणारे मंगळसूत्रही.