दोन पेले पाणी

माझी धाकटी बहीण गेल्या महिन्यात फोनवर रडत होती. तिचा मुलगा पाच वर्षांचा, बालवाडीत जातो. शाळेत मुलांना काही प्रश्न विचारले गेले आणि नंतर बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाची समज जरा कमी वाटते, घरी लक्ष द्या." ती मला म्हणाली, "भाईजान, तुम्ही एवढं वाचता. खरंच कमी असेल का हो?"

मी मानसशास्त्रज्ञ नाही. तिला काय सांगावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. पण लहान मुलांची समज मोजण्याचा जो इतिहास आहे तो मी थोडाफार वाचला आहे. तिला जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना जादा मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. बिने १९११ मध्ये वारले. पहिलं महायुद्ध संपल्यावर सिमाँ यांच्याकडे एक तरुण स्विस संशोधक आला. त्याचं नाव ज्यां पियाजे. आपल्याकडे डी.एड., बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव परीक्षेपुरतं तरी पाठ केलेलं असतं. पियाजेंचा जन्म १८९६चा, न्यूशातेल गावचा. १९१८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती गोगलगाई, शिंपल्यांच्या वर्गातल्या प्राण्यांवर. मुलांशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता.

त्यांना काम मिळालं ते साधं होतं. इंग्लंडमध्ये तयार झालेले काही प्रश्न पॅरिसच्या मुलांना विचारायचे आणि कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात ते मोजायचं. पण पियाजेंचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते मुलांजवळ बसून विचारू लागले, "असं का वाटतं तुला?" चूक म्हणजे नुसता अक्कलेचा अभाव नाही, तिच्यामागे मुलाचा स्वतःचा एक हिशेब असतो, ही गोष्ट त्यांनी जगाला दाखवली. १९२१ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढचं जवळपास सगळं आयुष्य याच कामात घालवलं.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग पाण्याचा. दोन सारखे पेले घ्यायचे, दोन्हींत सारखं पाणी. मुलाला विचारायचं, सारखं आहे ना? मूल म्हणतं, हो. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं, आता? पाच वर्षांचं मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवून सांगतं, यात जास्त आहे. सातेक वर्षांचं झालं की तेच मूल हसून म्हणतं, सारखंच तर आहे, तुम्ही फक्त ओतलंत. पियाजेंच्या मते या दोन-तीन वर्षांत मुलाच्या विचार करण्याची घडणच बदलते.

प्रयोग सोपा होता, म्हणून तो जगभर गेला. आणि जिथे गेला तिथे एक धोका सोबत घेऊन गेला. जिनिव्हाची मुलं सातव्या वर्षी जे सांगतात, ते दुसऱ्या देशातली मुलं अकराव्या वर्षीही सांगत नसतील, तर त्या लोकांची बुद्धीच मागे आहे असं म्हणायला किती वेळ लागतो?

१९६०च्या दशकात हार्वर्डची एक तरुण अमेरिकन संशोधक, पॅट्रिशिया ग्रीनफील्ड, हाच प्रयोग घेऊन सेनेगलला गेली. देश मुस्लिमबहुल, नुकताच १९६० मध्ये फ्रान्सच्या राज्यातून सुटलेला. मुलं वोलोफ समाजाची. खेड्यातली शाळेत न गेलेली, खेड्यातली शाळेत जाणारी आणि डाकार शहरातली शाळकरी, असे तीन गट तिने घेतले. शाळेत जाणाऱ्यांपैकी अकरा ते तेरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांनी 'सारखंच' हे उत्तर दिलं. त्याच वयाच्या शाळेबाहेरच्या मुलांत मात्र सुमारे निम्म्यांनीच. इथेच हात झटकून परत जाता आलं असतं.

ती थांबली. मुलं कारण काय देतात ते तिने ऐकलं. काही मुलं सांगत होती, पाणी बदललं कारण तुम्ही ओतलंत. म्हणजे या परक्या बाईच्या हातात काहीतरी करामत आहे, असा त्यांचा हिशेब. मग तिने भांडं मुलांच्या हाती दिलं. शाळेत न गेलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांत, ती ओतायची तेव्हा चारांतलं एक मूल बरोबर सांगे. मुलांनी स्वतः ओतलं तेव्हा तिघांतल्या दोघांनी बरोबर सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. "तुला असं का वाटतं?" असं विचारलं की ही मुलं गप्प. "असं का आहे?" असं विचारलं की लगेच बोलती. स्वतःचं मत वेगळं काढून दाखवण्याची त्यांना सवयच नव्हती. गोष्ट जशी आहे तशी आहे, तिचं कारण विचारा.

पुढे १९७४ मध्ये दोन अभ्यास आले. अमेरिकेत सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी प्रश्न दोनदा न विचारता फक्त बदलानंतर एकदाच विचारला. मुलं कमी चुकली. स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी बदल करण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलावर सोपवलं. मोठ्या माणसाने मुद्दाम नाही, अस्वलाने धुडगूस घालून वस्तूंची मांडणी विस्कटली. तेव्हाही चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. या निष्कर्षांवर वाद झाले. पियाजे खोटे ठरले असंही नाही, मूल टप्प्याटप्प्यानेच वाढतं. पण उत्तर एकट्या मुलाच्या डोक्यातून येत नाही, विचारणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, हे आता नाकारता येत नाही.

दोनदा विचारलेल्या प्रश्नाची गंमत मला पुस्तकाआधीच ठाऊक होती. मी पहिलीत मराठी शाळेत गेलो तेव्हा घरी आम्ही दखनी बोलायचो. गुरुजींनी चिमणीचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, "चिडिया." ते म्हणाले, "नीट बघून सांग." मी नीट बघितलं. माझं चुकलं असणार हे उघड होतं. मी म्हणालो, "कबुतर." वर्ग हसला. मला चिमणी ओळखता येत होती, आमच्या पडवीत तिचं घरटं होतं. पण गुरुजींच्या वहीत काय लिहिलं गेलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

गुरुजी वाईट नव्हते. साठ मुलांच्या वर्गात पोराच्या घरी चिमणीला काय म्हणतात हे विचारायला फुरसत कुणाला असते? पण अशा एकेका शेऱ्यातून 'यांची मुलं अभ्यासात कच्चीच' हे वाक्य तयार होतं. मग ते शेजारी बोलतात, शिक्षक बोलतात आणि शेवटी आपणही आपल्याच मुलांबद्दल बोलू लागतो. तालीमच्या नावाने सभा घेणाऱ्या आपल्या मंडळींनीही ही शिक्का मारण्याची घाई थोडी सोडायला हवी.

परवा बहिणीकडे गेलो होतो. इफ्तारनंतर मी भाच्यासमोर सरबताचे दोन पेले ठेवले आणि एकातलं सरबत उंच ग्लासात ओतलं. तो म्हणाला, "मामू, यात जास्त आहे," आणि उंच ग्लास स्वतःकडे ओढला. मग मी त्याला ओतायला दिलं. अर्धं दस्तरखानवर सांडलं. उत्तर तेच, पण या वेळी तो थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "परत पेल्यात टाकू?" मी म्हटलं, टाक.

बहिणीला सांगितलं, पाच वर्षांचं पोर पाच वर्षांच्या पोरासारखं बोलतंय. पुन्हा काळजी वाटली तर डॉक्टरांना जरूर दाखव, पण त्या शेऱ्यावर रडू नकोस. बाईंना एवढंच विचार की त्यांनी प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता आणि किती वेळा.