टिळकांच्या फंडासाठी एक रात्र

17 सप्टेंबर जवळ आला, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात शाळाशाळांतून मुक्तिसंग्रामाच्या नाटकांच्या तालमी सुरू होतात. कुणी स्वामी रामानंद तीर्थ होतो, कुणी रझाकार. तिकीट लावून एखाद्या कामाला मदत करावी, असाही विचार निघतो. तेव्हा मी मुलांना 8 जुलै 1921 च्या रात्रीची गोष्ट हटकून सांगतो.

त्या वेळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती. ही गोष्ट मात्र ब्रिटिश अमलातल्या मुंबईची. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या नावानं काँग्रेसनं टिळक स्वराज्य फंड काढला आणि एक कोटी रुपये जमवायचं ठरवलं. त्या फंडाच्या मदतीसाठी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं.

‘संयुक्त’ या शब्दातच सारं आलं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, या दोन मातब्बर कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. रसिकांचेही दोन तट. त्या रात्री बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला, तरी थिएटर भरलं आणि सोळा हजारांवर रक्कम जमली. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती.

गंमत अशी, की या नाटकात टिळकांचं नावसुद्धा नाही. श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी गरीब शूराला आधी झिडकारते आणि मग त्याच्याच पराक्रमावर भाळते, असं त्याचं कथानक. पण नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी. त्यांचं ‘कीचकवध’ 1910 साली सरकारनं बंद पाडलं होतं, कारण प्रेक्षकांना त्यातल्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. आणि नारायण राजहंस या मुलाला ‘बालगंधर्व’ म्हटलं ते टिळकांनीच, असं सांगतात. तेव्हा रंगभूमीवर लोकमान्यांचं ऋण होतंच.

पुढे तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले. वय अवघं एकतीस. दोघांचं ‘मानापमान’ त्यानंतर होणं शक्यच नव्हतं.

ही गोष्ट मी सांगतो ती गाण्यासाठी नव्हे. पुढाऱ्याचा वेश चढवून त्याची भाषणं म्हणणं सोपं असतं. इथं दोन मानकऱ्यांनी आपापला मान बाजूला ठेवला आणि एका पडद्यामागे रंग लावला. आज आपल्याकडे एकाच गावात, एकाच नेत्याच्या जयंतीला दोन मंडळं दोन मांडव घालतात, वर्गणीही दोनदा मागतात. यंदा एका तरी गावानं एकच मांडव घालावा, दोन्ही मंडळांनी मिळून नाटक बसवावं आणि गल्ल्यातली रक्कम गावच्या वाचनालयाला द्यावी. नाटकाचं नाव कोणतंही चालेल. जाहिरातीत ‘संयुक्त’ एवढा शब्द मात्र असावा.